कन्सोलवरून भांडायचं कसं, एकदाच नीट समजून घ्या

तर तुम्ही कन्सोल घेतलाय. अभिनंदन! गेम वगैरे होत राहतील, आधी भांडायला शिका. भारतात सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हाच ४९,९९० रुपयांना होता, आणि एवढे पैसे घालून जी माणसं नुसती गपगुमान गेम खेळत बसतात ना त्यांना बघून खरंच वाईट वाटतं, म्हणजे एवढा खर्च करून एकाही अनोळखी माणसाची अक्कल काढली नाही तर वसूल काय झालं राव?

सुरुवात टेराफ्लॉपपासून करायची. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी, पण हे सांगत बसायचं नाही, समोरच्याला कळलं तर तो पुढचा प्रश्न विचारेल. नुसता आकडा फेकायचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवाले असाल तर "आमचे १२, तुमचे १०.२८, बस खाली." पीएस५वाले असाल तर जरा हसायचं आणि म्हणायचं टेराफ्लॉपनी काय होतंय, गेम साठवायची एसएसडी बघ, आमची सेकंदाला ५.५ जीबी वाचते, तुमची २.४. आता कोणीतरी जुना खोड मध्येच उठून सांगेल की २०१३ ला पीएस४ चे १.८४ आणि एक्सबॉक्स वनचे १.३१ होते तेव्हा हेच दोन पक्ष बरोबर उलटं बोलत होते. त्याला ब्लॉक करा. आणि १२ वाल्यांनो, २०२० मध्ये लॉंचलाच अ‍ॅसॅसिन्स क्रीड वल्हाला हा गेम पीएस५ वर जास्त स्मूथ चालतोय असं दिसलं तेव्हा जे उत्तर निघालं ते पाठ करून ठेवा, "टूल्स अजून तयार नाहीत." टूल्स, म्हणजे गेम बनवायची सॉफ्टवेअर, कधीच तयार होत नसतात, त्यामुळे हे उत्तर शिळं होत नाही. फक्त एक पथ्य, दोन्ही कन्सोलची चिप एकाच एएमडी कंपनीची आहे, सीपीयू झेन २ आणि ग्राफिक्स आरडीएनए २, हे चुकूनही तोंडातून काढू नका. मग भांडणार कशावरून?

आणि आकड्यांची लाज बाळगू नका, ही घराण्याची परंपरा आहे. नव्वदीत अमेरिकेत सेगा या कन्सोल कंपनीने 'ब्लास्ट प्रोसेसिंग' नावाचं काहीतरी जाहिरातीत विकलं, अटारी जॅग्वार हा कन्सोल ६४-बिट ६४-बिट करत आला आणि आपटला. आपल्याकडे तेव्हा '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट मिळायची, आत तेच मोजके गेम नाव बदलून फिरून फिरून यायचे, पण गल्लीत मान त्या ९९९९ चाच.

रिझोल्यूशनवर, म्हणजे चित्रात पिक्सेल किती यावर, यायचं तर आधी दोन्ही कन्सोलचे स्क्रीनशॉट शेजारी लावा आणि ४०० टक्के झूम करा. खेळताना हे दिसत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला डोळे तपासायला सांगा. तुमचा स्वतःचा टीव्ही ४३ इंची आहे, तो दहा फुटांवर आहे आणि आईची सिरीयल संपल्यावरच मिळतो, हा भाग सांगायची गरज नाही. २०१८ मध्ये स्पायडर-मॅन गेमच्या एका सीनमध्ये ट्रेलरपेक्षा पाण्याची डबकी लहान झाली म्हणून जगभर बोंबाबोंब झाली होती, लक्षात ठेवा, डबकं हे प्रतिष्ठेचं असतं. पीएस५ च्या खोक्यावर (पुठ्ठ्याच्या, भलता विचार नको) सुरुवातीला ८के छापलेलं होतं, २०२४ मध्ये नव्या खोक्यांवरून ते गुपचूप गेलं. तुमच्याकडे जुना खोका असेल तर जपा, कन्सोलपेक्षा तोच जास्त ८के आहे.

फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचं, गणित सोपं आहे. आपल्या कन्सोलवर गेम ३० ला चालत असेल तर ते 'सिनेमॅटिक', दुसऱ्याच्या चालत असेल तर 'स्लाइडशो'. ६० ला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि ३० ला ३३.३, म्हणजे बटण दाबल्यावर हाताला फरक जाणवतो, हे खरंय, पण खऱ्या गोष्टीवर भांडण टिकत नाही. यात आदर्श घ्यायचा तर २०१४ चा अ‍ॅसॅसिन्स क्रीड युनिटी. युबिसॉफ्टच्या माणसाने सांगितलं की दोन्ही कन्सोलवर ९००पी आणि ३० ठेवलंय, वादविवाद नकोत म्हणून. वाद नकोत! लोक असे पेटले की विचारू नका, कारण पिक्सेल कमी मिळाले ते एकवेळ चाललं असतं, पण भांडणाचा हक्कच काढून घेतला ना. बरं, गेम आला तो काही पीसींवर चेहऱ्यांची कातडी गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत तरंगत असलेला. दात मात्र स्वच्छ दिसत होते.

पीएस५ प्रो हा विषय प्रगत विद्यार्थ्यांसाठी. नोव्हेंबर २०२४, ७०० डॉलर, डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्या, उभा करायचा स्टँडही वेगळा घ्या. या कन्सोलचा आराखडा करणाऱ्या मार्क सर्नीने स्वतःच सांगितलं की क्वालिटी (सुंदर चित्र) की परफॉर्मन्स (जास्त फ्रेम) असं विचारलं तर चारातल्या तीन वेळा लोक परफॉर्मन्स निवडतात, म्हणजे ज्या ग्राफिक्ससाठी आपण रात्री जागून भांडलो ते बहुतेकांनी मेनूत जाऊन बंद केलेत. भारतात तर तो लॉंचला आलाच नाही, वाय-फायच्या ६ गीगाहर्ट्झ बँडची इथे परवानगी नव्हती. तरी आपली पोरं त्याच्या केसांच्या आणि सावल्यांच्या क्वालिटीवर हमरीतुमरीवर आली, बाजारात तुरी म्हणतात ती हीच, आणि मला तर अभिमान वाटला. विकत मिळणाऱ्या वस्तूवर कोणीही भांडेल.

आता इंडस्ट्रीबद्दल बोलताना 'कंपनी' म्हणायचं नाही, 'आपण' म्हणायचं. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड या गेम कंपनीसाठी ६८.७ अब्ज डॉलर मोजले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सौदा पूर्ण झाला, तर "आपण अ‍ॅक्टिव्हिजन घेतलं." आयजीच्या जिवावर बायजी उदार, पण बायजीला भारी वाटतं त्याचं काय. पुढे २०२४ च्या जानेवारीत त्याच गेमिंग विभागातून १९०० लोक काढले, तिथे मात्र आपण नव्हतो, तो 'मॅनेजमेंटचा निर्णय'. मे महिन्यात हाय-फाय रश बनवणारा टँगो स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं, ज्या गेमचं कौतुक करून आपणच समोरच्याला झोडलं होतं. सोनीवाल्यांनी लगेच खूश व्हायचं आणि फेब्रुवारीत सोनीने ९०० काढले ते विसरायचं, शिवाय सोनीचा कॉन्कॉर्ड हा गेम दोन आठवड्यात बंद झाला तेही. कोणाचे जास्त लोक गेले यावरही तुलना करता येते, तेवढी आपली तयारी हवी.

काही विषय निघालेच तर टाळायचे. उदाहरणार्थ, युबिसॉफ्टने मार्च २०२४ अखेर 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही. किंवा डिस्क हळूहळू गायब होतायत, म्हणजे खेळून झाल्यावर मित्राला द्यायची किंवा अर्ध्या किमतीत विकायची सोय जातेय. किंवा ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची मासिक वर्गणी, गेम पास अल्टिमेट, अमेरिकेत २० वरून सरळ ३० डॉलर झाली. असल्या गोष्टींवर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायचा धोका असतो, आणि एकमत झालं की लोक कंपनीला प्रश्न विचारायला लागतात, मग एकमेकांना कोण विचारणार? असं काही वाटलं की लगेच सावलीचा एक स्क्रीनशॉट टाका, सगळे परत जागेवर येतात.

शेवटची अडचण एक्सक्लुझिव्हची, म्हणजे एकाच कन्सोलवर मिळणाऱ्या गेमची. एक्सबॉक्सचे फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स पीएस५ वर आले, सोनीचा हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एक्सबॉक्सच्या हेलोचाही नवा रीमेक पीएस५ वर येणार म्हणून जाहीर झालं. वीस वर्षं ज्या हेलोवरून आपण नातीगोती तोडली तो असा शेजारच्या घरात राहायला जातोय म्हटल्यावर काहींचा धीर सुटलाय, पण मी म्हणतो घाबरायचं काय त्यात, दोन्ही कन्सोलवर एकच गेम म्हणजे शेजारी शेजारी लावायला अजून एक मिळाला. झूम करा, डावीकडचं गवत मोजायला घ्या, उजवीकडचं मी बघतो.