‘आयलंड’मधला एस पुरावा नव्हे

युरोपीय भाषांतले समुद्रकाठचे शब्द झाडून सगळे लॅटिनमधून आले, कारण उत्तरेकडच्या लोकांना समुद्राची ओळख रोमनांनीच करून दिली, असा एक दावा सध्या फिरतो आहे. पुराव्यादाखल चार शब्द दिले आहेत: आयलंड (बेट), फ्योर्ड (कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी), गल्फ (आखात), कोस्ट (किनारा).

‘आयलंड’मधला मुका एस ही म्हणे लॅटिन ‘इन्सुला’ची, म्हणजे बेटाची, खूण. पण जुन्या इंग्रजीत ‘ईगलंड’ होतं, एसचा पत्ताच नाही. त्यातल्या ‘ई’चाच अर्थ बेट, नॉर्वेजियन ‘ओय’ त्याचं भावंड, आणि जर्सी-गर्नसी या बेटांच्या नावांच्या शेपटाशीही तेच कूळ. पुढे फ्रेंचमधून ‘आइल’ आला, तो मात्र खरोखर ‘इन्सुला’चा वंशज. दोन्ही एकच समजून 16व्या शतकाच्या सुमारास लोकांनी ‘आयलंड’मध्ये एस घुसडला. गंमत म्हणजे ‘इन्सुला’वरून शब्द घेतला तो जर्मनने: ‘इन्झेल’. तरी लांगेओग, नॉर्डरनाय या जर्मन बेटांच्या नावांत जुना शब्द टिकून आहे.

‘फ्योर्ड’ लॅटिन ‘पोर्टुस’ (बंदर) वरून आला म्हणतात. नातं आहे, पण चुलत. मूळ ‘प’चा जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्वेजियन यांच्या कुळातल्या) भाषांत ‘फ’ झाला तो रोमनांशी गाठ पडण्याआधीच; पितृ-फादर, पाद-फूट ही त्याचीच उदाहरणं. लॅटिनकडून उसना घेतला असता तर ‘प’ तसाच राहिला असता, जसा इंग्रजी ‘पोर्ट’मध्ये राहिला. धातूचा अर्थ पलीकडे जाणं. आपला ‘पार’ त्याच घराण्यातला. (म्हणून ‘सगळं संस्कृतातूनच’वाल्यांनी हुरळून जाऊ नये, भाऊबंद म्हणजे बाप नव्हे.)

‘गल्फ’ ग्रीक ‘कोल्पोस’चा, म्हणजे छाती किंवा कुशी. लॅटिन-इटालियनची भूमिका इथे दलालाची.

‘कोस्ट’ मात्र बरोबर आहे. लॅटिन ‘कोस्टा’ म्हणजे बरगडी. चारात एक.

राहिला समुद्र शिकवण्याचा मुद्दा. ब्रिटनीतल्या (आजच्या फ्रान्सचा वायव्य किनारा) वेनेती लोकांची ओकच्या लाकडाची, चामड्याच्या शिडांची जहाजं त्या समुद्राला रोमन जहाजांपेक्षा जास्त सोयीची होती, हे खुद्द रोमन सेनापती सीझरनेच नोंदवलं आहे. इ.स.पू. 55 मध्ये तो ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा वादळाने आणि पौर्णिमेच्या उधाणाने त्याची जहाजं फुटली. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम. पौर्णिमेला महासागरात उधाण येतं हे आमच्या माणसांना ठाऊकच नव्हतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे.