ब्रिजखालची फट विसरू नका
गेलेल्या दाताच्या जागी काय बसवावं, यावरच्या लेखात ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर कॅप घालून मध्ये जोडलेला खोटा दात) म्हणजे ‘दोन-तीन खेपांत काम फत्ते’ असं म्हटलंय. खेपांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यासाठी शेजारचे दोन दात चहूबाजूंनी कोरावे लागतात, हे एका ओळीत उरकलंय. कोरलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, परत येत नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असेल किंवा मोठं फिलिंग असेल, तर ब्रिज चांगलाच. पण धडधाकट दात कोरायचे असतील तर आधी इम्प्लांटबद्दल (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) जरूर विचारा. त्यात हाड धरायला काही महिने जातात, हेही खरं.

माझा खालचा ब्रिज अकरा वर्षं टिकला. मग एका बाजूच्या दाताला कॅपच्या कडेखाली कीड लागली. वरून सगळं चकाचक, दुखणं शून्य! एक्स-रे काढला तेव्हा कळलं. चूक माझीच. मधला खोटा दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याच्या खाली ब्रश पोचत नाही आणि साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून आत जात नाही, कारण तिन्ही दात एकसंध असतात. कडक टोकाचा सुपरफ्लॉस मिळतो, तो सुईत दोरा ओवावा तसा बाजूने घालून ओढायचा. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, नंतर मिनिटभराचं काम.

आणि पुढचा एकच दात गेला असेल तर मेरीलँड ब्रिजबद्दलही विचारा. तो शेजारच्या दाताला मागून चिकटवतात, कोरणं फारच कमी. लेखात त्याचा उल्लेखच नाही.