तो ‘ॲक्सेप्ट’ दाबू नका

आज दुपारी सोसायटीतल्या एका काकांनी त्यांच्या थायलंड टूरचं माहितीपत्रक मला वाचायला दिलं. काका-काकू दोघंही सत्तरीचे, पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेत. औषधं कशी बांधायची, बूट कोणते घालायचे, जैन जेवण कुठे मिळेल, सगळं नीट छापलंय. आणि पैशांबद्दल एकच ओळ: ‘रोख रक्कम जास्त बाळगू नये, तिथे सर्वत्र एटीएम आहेत.’

ती ओळ वाचली आणि डोकंच फिरलं माझं. काकांसमोर गप्प बसले, पण घरी आल्यापासून नुसती धुसफुसतेय.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी आईला बँकॉकला घेऊन गेले होते. आईने बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. पहाटे साडेचारला उठून कणीक मळायची, ती दुपारपर्यंत तव्यासमोर. सहलीचा खर्च मी केला होता, पण तिचा एक हट्ट होता, तिथे गेल्यावर मला काहीतरी घेऊन द्यायचं आणि तेही तिच्या स्वतःच्या पैशांनी. त्यासाठी ती बँकेत दोनदा जाऊन कार्ड परदेशासाठी चालू करून आली होती. (१ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. नवीन कार्ड फक्त देशात चालतं, बाहेर वापरायचं तर सांगून सुरू करून घ्यावं लागतं.) दोन खेपा, एक फॉर्म, चार सह्या. त्या काउंटरवर एकानेही तिला सांगितलं नाही की आजी, तिकडे मशीनवर अमुक विचारतील, तेव्हा तमुक दाबा.

बाजारात तिला माझ्यासाठी एक रेशमी स्टोल आवडला. दुकानातली बाई रोखच मागत होती, एटीएम समोरच होतं. आईने कार्ड घातलं, मी २,००० बाटचा (बाट म्हणजे तिकडचं चलन) आकडा टाकला. मशीनने २२० बाट फी सांगितली. ठीक, तिकडच्या बँका परक्या कार्डावर ती घेतातच, शंभर काढा नाहीतर वीस हजार. मग आणखी एक स्क्रीन आला. त्यावर खात्यातून किती जाणार ते चक्क रुपयांत. खाली दोन पर्याय, एक ठळक हिरवा ‘ॲक्सेप्ट’ आणि दुसरा कोपऱ्यात, फिकट.

आई म्हणाली, “बरं झालं गं, आपल्या रुपयांत दाखवतोय. दाब.”

मी दाबलं.

हॉटेलवर मेसेज पाहिला. ६,०९८ रुपये गेले होते. बाटचा भाव तेव्हा अडीच रुपयांच्याही खाली, म्हणजे हातात आले जेमतेम ४,९०० रुपयांचे. आईने बोटांवर हिशेब केला. शेवटी शेवटी ती दहा रुपयांना पोळी विकायची. “एकशेवीस पोळ्या गेल्या गं,” म्हणाली. चिडून नाही, अगदी हळू. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

हे सगळं होतं कसं, ते सांगते. तो रुपयांतला आकडा आपल्या सोयीसाठी नसतो. त्या मशीनवाल्यांनी स्वतःचा भाव लावून, त्यात स्वतःचा नफा घालून केलेला तो सौदा असतो. तो नाकारला, म्हणजे ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडलं, तरी पैसे येतातच! व्यवहार रद्द होत नाही. फक्त मग कार्डाच्या नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) भाव लागतो, जो बाजारभावाच्या जवळ असतो. त्यावर आपली बँक आपला मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचं जादा शुल्क, लावते, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर एटीएमचं वेगळं शुल्क, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. तेही काही थोडं नाही, पण निदान एका खड्ड्यातून तरी वाचतो आपण.

कोणी म्हणेल, दर तर स्क्रीनवर लिहिलेला असतो. असतो, मान्य. मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, मागे रांग उभी असताना. माझ्या आईने तो कसा वाचायचा? मी इंग्रजीतून शिकलेली, मीसुद्धा वाचला नाही.

आणि या टूरवाल्यांचं मला कळतच नाही. पटायाजवळच्या कोरल आयलंडला नेतात, तिथलं पॅरासेलिंग ‘ऑप्शनल’, आणि गाईड बसमध्येच रोख बाट गोळा करतो. म्हणजे रोख लागणार हे यांना आधीपासून पक्कं माहीत असतं. तरी माणसांना धाडायचं मशीनसमोर. तीनदा थोडे थोडे काढले तर नुसत्या मशीनच्या फीचेच दीड हजाराच्या वर जातात. ही माणसं भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी आहेत हो. कंजूष नाहीत, पैसा कसा येतो ते त्यांना माहीत आहे.

रोख बाळगण्यात धोका आहे, हे खरंच. वयस्कर माणसांना तर जास्तच. पण म्हणून काहीच न्यायचं नाही? एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, एवढे कोणी नेतही नाही. दोघांना चार-पाच दिवसांच्या वरखर्चाला दोन-तीनशे डॉलर खूप झाले. आठवडाभर आधी आपल्या शहरातल्या परवानाधारक मनी चेंजरकडून पावती घेऊन घ्यायचे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारायचा, इथल्या विमानतळावर घ्यायचे नाहीत. शंभराच्याच नोटा मागायच्या, कोऱ्या, न दुमडलेल्या, कारण बँकॉकमध्ये छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. तिथल्या सुवर्णभूमी विमानतळावर अगदी खालच्या मजल्यावर, शहरात जाणाऱ्या रेल लिंक गाडीच्या स्टेशनाजवळ पैसे बदलायचे काउंटर आहेत. वरच्या बँकांपेक्षा तिथे भाव बराच चांगला. मला हे परतताना कळलं, आईचे पैसे गेल्यावर.

एटीएमला जावंच लागलं तर एकदाच, हिशेब करून, आणि डेबिट कार्डाने. क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. यूपीआय सिंगापूर, दुबईला काही ठिकाणी चालायला लागलंय, चांगलंच आहे. पण रस्त्यावर नारळपाणी विकणाऱ्या बाईला बाटच द्यावे लागतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगायचं तर मनात टूरवाल्यांपेक्षा आईच जास्त आहे. स्टोल तिने घेतलाच. दुकानातल्या बाईला नोटा एकेक करून मोजून दिल्या आणि तिथेच माझ्या खांद्यावर टाकला. परत आल्यावर एटीएमची ती पावती पासबुकात घडी घालून ठेवली. मी म्हटलं फेकून दे, तर म्हणाली, “राहू दे, कुणाला तरी दाखवायला होईल.”

मघाशी तिच्याकडून ती पावती घेतली आणि खाली काकांकडे जाऊन आले. शाई बरीच उडालीये, पण आकडा दिसतो. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागच्या बाजूला लिहिलं: ‘रुपयात विचारलं तर नाही म्हणायचं. विदाउट.’ त्या ‘नाही’खाली दोन रेघा मारल्या आणि चिठ्ठी काकांच्या कार्डाच्या पाकिटात सरकवली.