‘हलक्या त्रासाच्या, शिकलेल्या लोकांसाठीच’ हे कोणी ठरवलं?

“सहा-आठ सेशनची थेरपी म्हणजे हलका त्रास असलेल्या शिकल्यासवरल्यांचे चोचले. दुखणं तीव्र असेल, गोळ्या चालू असतील, तर पैसे पाण्यात.” नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज धंतोलीत थेरपिस्ट म्हणून काम करताना मलाही लोक दाखवतात. थेरपी म्हणजे बोलण्यातून होणारा मानसोपचार.

आधी ‘हलका त्रास’. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधला एक अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्णांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होतं. नेहमीच्या उपचारांसोबत 6 ते 8 सेशन झाली, तीही प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी घेतलेली. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. सेशन न मिळालेल्यांत 39 टक्के. आता आरोग्य केंद्राच्या रांगेत काय सगळे पदवीधर उभे असतात?

‘शिकलेल्यां’चा समज अगदीच हवेतून आलेला नाही. थोड्या सेशनची थेरपी कोणाला द्यायची, याचे निकष बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी मांडले, त्यांत बुद्धी सरासरीहून वरची असावी असं होतं. पण त्यांची पद्धत मुद्दाम अस्वस्थ करणारी, आणि उरलेले निकष मेसेजवाल्यानं गाळलेत: एक ठळक तक्रार, लहानपणी निदान एकाशी जिव्हाळ्याचं नातं, समोरच्याशी मोकळं बोलता येणं, बदलायची तयारी. यात डिग्री कुठाय?

पहिल्या भेटीत मी हेच चाचपतो. समजा, काटोलकडचा संत्रेवाला आलाय.
“मले झोपच येत नाही जी.”
“कधीपासून, दादा?”
“भावानं वाटणी मागतली तवापासून.”
“राग येते त्याचा?”
जरा वेळ गप्प. मग, “राग नाही. लाज वाटते. बाबूजी असते तं काय म्हनले असते?”
सातवी शिकलेला असेना का, प्रश्न विचारल्यावर तो स्वतःच्या आत डोकावला आणि कामाला एक धागाही मिळाला. उलट दर प्रश्नाला गूगलवरचं निदान ऐकवणाऱ्या एमबीएवाल्यासोबत हा धागा सापडायलाच चार सेशन जातात.

गोळ्या आणि थेरपी सोबत चालतात. परस्पर गोळ्या बंद करणं, हेच धोक्याचं.

नको कोणाला, हे मात्र मेसेजमध्ये नाहीच. भास-भ्रम, उन्माद, सुटत नसलेली दारू, जीव द्यायचा विचार असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. नागपुरात मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे. आणि गडचिरोलीहून दर आठवड्याला एसटीनं येणं जमणार नसेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा. मधली काही सेशन फोनवर घेता येतात.