ग्लॉस्टरला मी ट्रोल झालो

वाईचा माणूस शूटिंगला बुजत नाही. आमच्या घाटाला सिनेमावाल्यांनी बिहार करून झालं, उत्तर प्रदेश करून झालं, कृष्णामाईने कधी हरकत घेतली नाही. कोणी "पीछे हटो" ओरडलं की दोन पावलं मागे सरायचं आणि युनिटचा चहा कुठे उकळतोय ते बघायचं, हे आम्हाला उपजतच कळतं. त्यामुळे ब्रिस्टलच्या नातीने "आजोबा, उद्या ग्लॉस्टरला शूटिंग" असं जाहीर केलं, तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळून निवांत झोपलो.

सकाळी लेक म्हणाली, "बाबा, तो राखाडी स्वेटर घाला ना, छान दिसतो." मला भरून आलं. या स्वेटरला आजवर कोणी छान म्हटलं नव्हतं.

ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये हॅरी पॉटरच्या पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. जादूच्या शाळेचे बोळ म्हणून जे दिसतात, त्या इथल्या ओवऱ्या. क्लॉइस्टर म्हणतात, पण चौकाभोवती फिरणाऱ्या, खांबांच्या, सावलीच्या ओवऱ्याच त्या. फक्त छत बघून माणूस गप्प होतो. प्रत्येक खांबातून दगडाच्या शिरा निघतात आणि जपानी पंखा उलगडावा तशा वर पसरत शेजारच्या पंख्याला जाऊन भिडतात. चौदाव्या शतकातलं काम. या पद्धतीची छतं पुढे इंग्लंडभर झाली, पण टिकून राहिलेल्यांत सगळ्यांत जुनं हे. मी मान वर करून उभा राहिलो, एवढ्यात स्वेटर ओढला गेला.

"आजोबा, छत नंतर. आधी स्विच."

भिंतीवर विजेचा स्विच होता. नातीने वाचलं होतं की सिनेमावाल्यांनी असले स्विच, कुलपं, पाट्या वगैरे दगडाच्या रंगाचे नकली तुकडे लावून झाकले होते. जादूगारांच्या शाळेत वीज कुठली? नातीकडे नकली दगड नव्हता. राखाडी स्वेटरातले आजोबा होते. सकाळच्या कौतुकाचा उलगडा झाला. पुढची वीस मिनिटं मी भिंतीला पाठ लावून दगड होतो. "श्वास जरा कमी घ्या," अशी दिग्दर्शकाची सूचना होती.

मग उत्तरेकडच्या ओवरीत प्रमोशन झालं. तिथे पूर्वीच्या मठातल्या साधूंची जेवणाआधी हात धुवायची जागा आहे. लांब दगडी पन्हळ आणि समोरच्या भिंतीत टॉवेल ठेवायचा कोनाडासुद्धा. इतकी देखणी मोरी मी जन्मात पाहिली नव्हती आणि तसं बोलूनही दाखवलं. नातीने डोळे मिटून घेतले. पहिल्या सिनेमात हॅरी आणि रॉन इथल्याच खांबांआड लपतात आणि पलीकडून ट्रोल नावाचा राक्षस जातो. हॅरी ती स्वतः, रॉन तिचा धाकटा भाऊ. राहिलं कोण?

"तो मोठा, हळू आणि थोडा बावळट असतो," तिने भूमिका समजावली. "पाय ओढत चालायचं."

"मी तसाच चालतो."

"म्हणूनच तर!"

पहिल्या टेकला समोरून आलेल्या बाईंना मी सवयीने "गुड मॉर्निंग" म्हणालो. कट. ट्रोल गुड मॉर्निंग म्हणत नाही. दुसऱ्या टेकला मी इतका जीव ओतून लंगडलो की तिथल्या एक स्वयंसेविका आजी धावत आल्या आणि व्हीलचेअर आणू का विचारू लागल्या. तिसऱ्याला बोळाच्या दुसऱ्या टोकाने आणखी एक ट्रोल आला. टक्कल, पोट, मागे मोबाइल धरलेली पोरगी. आम्ही एकमेकांकडे बघून मान डोलावली, एकाच फलाटावर ताटकळलेली माणसं डोलावतात तशी, आणि मी त्याला आधी जाऊ दिलं.

ब्रेकमध्ये आजी सांगत बसल्या. शूटिंगच्या वेळी गावात नाराजीही झाली होती, देवाच्या घरात चेटूक कसलं म्हणून. पण गर्दी इथे नवी नाही. १३२७ मध्ये दुसरा एडवर्ड राजा मेला, बहुतेक मारलाच, आणि त्याला इथे पुरलं. मग त्याच्या कबरीशी यात्रेकरू येऊ लागले, पेटीत पैसे पडू लागले आणि त्यातून बांधकाम वाढलं असं म्हणतात. मीही मागे हटलो नाही. आमच्या मेणवलीच्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे, शूटिंगवाले तिथेही येतात, असं ऐटीत सांगितलं.

"अरे वा," आजी म्हणाल्या. "परत कधी देणार?"

मी घाईने चौथ्या टेकला गेलो.

तो टेक जमला. रॉन वेळेवर घाबरला, माझा गुडघा वेळेवर कुरकुरला, नातीने चक्क टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत सगळ्यांनी मोबाइलवर डोकी घातली. अकरा सेकंदांचं दृश्य. दगडी पंखे, खांब, लपलेली पोरं, पाय ओढत जाणारा मी. आणि माझ्या मागे भिंतीवर, अगदी मध्यभागी, पांढराशुभ्र स्विच. दगडाला बढती देऊन ट्रोल केल्यावर त्याच्यासमोर उभं राहायला कोणी उरलंच नव्हतं.

येत्या शनिवारी रीटेक आहे. जावयाला राखाडी स्वेटर घेतलाय.