मामा, लाल समुद्र उघडणार का?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. "मामा, तू शिपिंगमध्ये आहेस ना? मार्चअखेरपर्यंत लाल समुद्र उघडेल का? खात्रीचं सांग." पोरगा परदेशात शिकतोय, कॉलेजचं काही प्रोजेक्ट-बिजेक्ट असेल म्हणून मी आपला पंधरा मिनिटं बसून टाइप केलं. सगळं वाचून त्यानं एकच ओळ पाठवली: "म्हणजे नो घेऊ का?"

साहेबांना पैज लावायची होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. पॉलीमार्केट, काल्शी अशा बाजारांत एक प्रश्न टाकलेला असतो आणि 'हो' किंवा 'नाही'चा शेअर विकत घ्यायचा. 'हो' 30 सेंटला मिळत असेल तर ती गोष्ट घडायची शक्यता बाजाराला साधारण 30 टक्के वाटते. घडली तर शेअरचा एक डॉलर होतो, नाही घडली तर शून्य. आपल्याकडे 2025च्या ऑगस्टमध्ये आलेल्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले. हा बाहेर आहे, म्हणून त्याची चैन.

मी न्हावा शेवा बंदरात एका फॉरवर्डरकडे, म्हणजे लोकांचा माल जहाजानं पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत आहे, एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो असा, की 'उघडणं' म्हणजे नक्की काय? 2021 मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवी झाली तेव्हा गोष्ट सरळ होती. जहाज अडकलं, सहा दिवसांनी सुटलं. 1967 ला युद्धामुळे कालवा बंद झाला तो 1975 पर्यंत, तेही सरळच. पण लाल समुद्र कधी बंद झालाच नव्हता! नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरनं उतरून गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं, डिसेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. कालवा मात्र रोज चालू. काही जहाजं तर आपल्या सिग्नलवर 'सगळे खलाशी चिनी आहेत' असं लिहून बाब-अल-मंदेबमधून, लाल समुद्राच्या दक्षिणेकडच्या तोंडातून, जात होती. दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिहितात ना, त्याच्या उलट.

मग जानेवारी 2025. गाझात युद्धबंदी झाली, गॅलेक्सी लीडरचे खलाशी सुटले. आमच्या ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. मार्चमध्ये हुथींवर अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले आणि जुलैमध्ये मॅजिक सीज आणि एटर्निटी सी ही दोन जहाजं एकाच आठवड्यात बुडवली गेली. आत्ताचं सांगायचं तर याच जानेवारीत, 2026 च्या, मर्स्क या जहाज कंपनीनं एक सेवा पुन्हा सुएझमार्गे नेतोय असं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात सीएमए सीजीएम या दुसऱ्या कंपनीनं आपल्या काही सेवा परत केपमार्गे वळवल्या. आता सांगा, उघडला की नाही उघडला?

या बाजारांत शेवटी निकाल लागतो तो प्रश्नाच्या शब्दांवर. गेल्या वर्षी झेलेन्स्कींनी सूट घातला की नाही यावर तिथे कोट्यवधी डॉलर लागले होते. गृहस्थ काळं जाकीट घालून नाटोच्या बैठकीला आले आणि लोक हमरीतुमरीवर, याला सूट म्हणायचं का! निकाल 'नाही' लागला. एका जाकिटावर ही तऱ्हा, तर समुद्र उघडण्यावर काय होईल?

भाचा हुशार आहे, गप्प बसला नाही. म्हणाला, "मामा, पण तुमच्या द्राक्षवाल्यांनी 'नाही' घेतलं तर? रस्ता उघडला नाही तर भाडं जास्त जाईल, पण पैज जिंकतील. हेजिंग झालं की, इकडचा तोटा तिकडे भरून निघाला." खरं सांगतो, मी क्षणभर अडखळलो. कारण 2024 चा हंगाम मला चांगला आठवतो. रॉटरडॅमला साडेतीन आठवड्यांत जाणारा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, पाच आठवडे लावायला लागला, भाडं दुपटीच्या वर गेलं. निफाडच्या एका बागायतदाराचा कंटेनर तिकडे उघडला तेव्हाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मणी चांगले, टणक. पण पनेटचं, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्याचं, झाकण काढलं तर देठ तपकिरी, काडेपेटीतल्या काडीसारखे. तिकडच्या खरेदीदाराला हिरवा देठ लागतो. भाव पाडून घेतला. त्या माणसानं मला फक्त एवढंच विचारलं, "देठ कोण खातं हो?"

त्याला हे हेजिंग कसं समजावू? समजा त्यानं 'नाही' घेतलं आणि मर्स्कच्या एका सेवेच्या बातमीवर निकाल 'हो' लागला. त्याचं बुकिंग ज्या लाइनला आहे ती अजून केपमार्गेच जातेय. म्हणजे पैजेचे पैसे बुडाले, भाडंही चढंच आणि देठही सुकले. विम्याचं तसं नसतं, तो त्याच्याच मालाशी बांधलेला असतो. 1963 च्या आपल्या सागरी विमा कायद्यानुसार ज्याचा मालाशी काही संबंधच नाही आणि पुढे यायचाही नाही त्यानं काढलेली पॉलिसी ही पैज ठरते आणि पैज म्हणून रद्दबातल. ही रेघ कुणीतरी फार डोकं लावून ओढली आहे.

बाकी पैजेला नाकं मुरडायचा आपल्याला काय अधिकार म्हणा. मुंबईत पावसावर सट्टा चालायचा. आपल्या 1887 च्या जुगारबंदी कायद्यात पाऊस पडेल की नाही आणि कापसाच्या भावातले आकडे यांवरच्या पैजांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मटका तर न्यूयॉर्कच्या कापसाच्या आकड्यांवरच वाढला. आणि त्याआधी, 1861 ला अमेरिकेतल्या यादवी युद्धात लिंकननं दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, अमेरिकेचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या आणि मुंबईत पैशांचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांवर गेला. तेव्हाची अख्खी मुंबई म्हणजे 'ती बंदरं इतक्यात उघडत नाहीत' यावर लावलेली पैजच होती. 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं टाकली आणि जुलैत वायद्यांचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंदसारखा बडा सटोडियाही आडवा झाला.

पण त्या सटोडियांपैकी कुणाच्या हातात लीचं सैन्य नव्हतं. मला खरी धास्ती इथे वाटते. व्हेनेझुएलाच्या मादुरोंना अमेरिकेनं पकडलं त्याच्या थोडंच आधी कुणीतरी नेमकी तीच पैज लावली आणि सुमारे 4 लाख डॉलर कमावले. कोण होता, त्याला आधी कळलं होतं का, मी काही म्हणत नाही. पण बोटीवर कधी ड्रोन जाणार हे माहीत असलेली माणसं जगात आहेत, आणि त्याच बोटीवर आपल्याकडची पोरं ड्यूटीवर असतात. हुथींच्या माऱ्यात मार्लिन लुआंडा या टँकरला आग लागली तेव्हा तिच्यावर 22 भारतीय होते.

हे सगळं भाच्याला लिहिलं. उत्तर आलं, "ओके मामा. पण 'नो' ना?"

मी अजून काही लिहिलेलं नाही. सकाळी निफाडहून फोन होता, तेच गृहस्थ. "यंदा कुठनं जाणार माल?" म्हटलं, केप धरून चला. "मग पहिला कंटेनर आठवडाभर आधी भरू का?" भरा म्हटलं, जागा बघतो. आता तेच बघत बसलोय, पुढच्या गुरुवारच्या वेसलला दोन रीफर प्लग, म्हणजे थंड कंटेनरला वीज मिळेल अशा जागा, मिळतायत का ते.