चौदा हजार पौंड अन्न, बावीस हजार माणसं

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीच्या काळात नाताळच्या सुमारास जे अन्नवाटप झालं, त्याला ‘दानधर्म’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मिसिसिपीतल्या ग्रीनवुडचा १९६२-६३चा हिवाळा घ्या.

ग्रीनवुड हे लेफ्लोर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव; सगळा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की पुढच्या हंगामापर्यंत मजुराच्या हाताला काम नाही, त्यात वेचणीची यंत्रं आलेली. मधले महिने निघायचे ते सरकारी शिल्लक धान्यावर: पीठ, तांदूळ, दुधाची पावडर. धान्य केंद्राचं, पण वाटप काउंटीच्या हाती. मेख तिथेच होती. कृष्णवर्णीय मतदार नोंदणीला जाऊ लागले आणि ऑक्टोबर १९६२मध्ये काउंटीने ‘खर्च परवडत नाही’ म्हणत सुमारे २२,००० लोकांचं धान्य बंद केलं.

नोंदणीची मोहीम चालवणाऱ्या ‘स्निक’ (SNCC) या विद्यार्थी संघटनेने मग उत्तरेकडून मदत मागवली. मिशिगनचे दोन विद्यार्थी, आयव्हनहो डोनाल्डसन आणि बेंजामिन टेलर, नाताळच्या सुट्टीत ट्रक भरून निघाले. क्लार्क्सडेलला पोलिसांनी धरलं. डबाबंद अन्नावर कसला गुन्हा लावणार? पण ट्रकमध्ये औषधंही होती. अ‍ॅस्पिरिन आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर अमली पदार्थांचा आरोप ठेवला, जामीन १५,००० डॉलर! शिधा आणि औषधं एकाच गाडीत भरली की असा दुबळा दुवा तयार होतो. डोनाल्डसन सुटल्यावर पुन्हा ट्रक घेऊन येत राहिला, हे विशेष.

फेब्रुवारीत विनोदी कलाकार डिक ग्रेगरीने विमान भाड्याने घेऊन १४,००० पौंड अन्न पाठवलं. म्हणजे साधारण ६,३५० किलो. बावीस हजारांनी भागा: माणशी २९० ग्रॅमसुद्धा पुरतं येत नाही. एका दिवसाचा शिधा, तोही अपुरा. काउंटीचं पोट यातून भरणार नव्हतंच.

मग उपयोग काय? नोंदणीचा अर्ज बघा. २१ प्रश्न, वर मिसिसिपी राज्याच्या घटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायचा, तो बरोबर की चूक हे ठरवणार कारकून. १९६२च्या कायद्याने अर्जदाराचं नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात. मळ्याचा मालक ते वाचणार, दुसऱ्या दिवशी काम आणि खोपटं दोन्ही जाणार. ती भीती थोडी तरी पेलायला शिध्याची खोकी होती. चर्चमध्ये धान्याची रांग लागली की तिथेच नोंदणीचं बोलणं व्हायचं.

‘ही लाच नव्हे का?’ असं विचारणाऱ्यांनी क्रम तपासावा. धान्य आणि मत यांची गाठ आधी काउंटीने मारली होती.

फेब्रुवारीतच स्निकच्या कार्यालयाशेजारच्या इमारती जळाल्या, महिनाअखेर जिमी ट्रॅव्हिस या कार्यकर्त्याला गोळी लागली. देशभर बोभाटा झाला, केंद्राने दबाव आणला आणि वसंतात काउंटीने मुकाट्याने वाटप पुन्हा सुरू केलं. परवडत नसलेला खर्च तेव्हा बरा परवडला!